बिशपसाहेबांचा तयार खड्डा

स्वतःच्या कबरीवर एवढा जीव असलेला आणि तीच कबर ज्याला त्याला देऊन टाकणारा माणूस अख्ख्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, दुसरा झाला नाही, हे मी कोणत्याही कोर्टात हलफ घेऊन सांगायला तयार आहे. लोक घराला जीव लावतात, शेताला लावतात, काही जण तर बायकोपेक्षा म्हशीला लावतात. आमच्या शेजारच्या बिशपसाहेबांनी एका खड्ड्याला लावला. मी तेव्हा जालन्याच्या कोर्टात वकिली करत होतो. सगळा कारभार उर्दूत. दिवसभर मुद्दई आणि मुद्दालेह, म्हणजे वादी आणि प्रतिवादी, करून जीभ वाळून जायची, आणि संध्याकाळी घरी येऊन अंगणात खुर्ची टाकावी तर कुंपणापलीकडून हा माणूस निघालेला दिसायचा. दारातून जाताना वाकावं लागतं हे ज्याला जन्मभर लक्षात राहिलं नाही इतका उंच, काळा, वाळका. जांभळा झगा कमरेला खोचलेला, हातात छत्री. “चला वकील,” म्हणायचे, “जरा घरी जाऊन येऊ.” घर म्हणजे छावणीतल्या कब्रस्तानातला तो खड्डा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला ऊन लागलं. मग पावसाळ्यातही तेच, हिवाळ्यातही तेच, तेव्हा समजलो की हा मामला उन्हाचा नाही.

बिशप म्हणजे पाद्र्यांवरचा पाद्री. आपल्या निजामी हिशेबानं त्यांच्या धर्मातला सुभेदारच म्हणा. हे अँग्लिकन पंथाचे, म्हणजे खुद्द इंग्लंडच्या राजाच्या चर्चचे. मोठे बिशप गोरे, ते हद्दीबाहेर मोठ्या शहरात राहायचे. मोगलाईतली खेडी सांभाळायला हे त्यांच्या हाताखालचे बिशप, मुक्काम जालना छावणी. पलटण केव्हाच उठून गेली होती. मागे उरलं होतं एक दगडी चर्च, एक गळका बंगला आणि एक कब्रस्तान. साहेबांचा जन्म केदारखेड्याचा, तोही गावकुसाबाहेरचा. आई दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. मिशनच्या शाळेत शिकले, मुंबईला शिकले, विलायतेचं पाणी प्याले, पाद्री झाले, पुढे बिशप झाले. पण केदारखेडं काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. चर्चमध्ये उभे राहिले की पुस्तकातल्यासारखं सोवळं मराठी, आणि पायरी उतरले की “काय करून राह्यले वकील, जेवले का न्हाई?” बिशपाच्या हातात मेंढपाळाची असते तशी वाकड्या मुठीची काठी असते, चांदीनं मढवलेली. मोठा मान असतो तिला. आमचे साहेब ती काठी घेऊन कब्रस्तानातल्या शेळ्या हाकायचे. “मेंढपाळाचीच हाय ना? मंग बराबर कामाला आली,” म्हणायचे. समारंभात घालायची उंच टोकदार टोपी ठेवायला विलायतेहून पत्र्याचा डबा आला होता. खेड्यांच्या दौऱ्यावर छकड्यातून जाताना त्याच डब्यात ते भाकरी आणि लसणीचा ठेचा बांधून न्यायचे, वरून टोपी दाबायचे. त्यामुळे भोकरदनकडच्या ज्या ज्या पोरांच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, त्यांना अजूनही ठेच्याच्या वासानं देव आठवतो म्हणे.

पण खरी मजा, मजा कसली, विक्षिप्तपणाच तो, बघायची ती लग्नात. मयतीला हा माणूस इतका ठाकठीक असायचा की घरच्यांना रडायला आधार वाटावा, आणि लग्नात मात्र तोंड असं पाडून उभा, की वरमाईनं घाबरून विचारावं, “साहेब, काई अशुभ कळलं का?” नवरा-नवरीला आशीर्वाद देताना ते नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळायचे. एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पोरगा लांब हाय. दाविदला तरास व्हनार.” दाविद म्हणजे त्यांचा कबरी खोदणारा म्हातारा. म्हणजे बघा, इकडे पोरगा बोहल्यावर, आणि हे मनात त्याचं माप घेतायत! मलाही त्यांनी एकदा तसं खालीवर बघितलं आणि उसासा टाकला. “तुमचं बरं हाय, वकील. तुमी जळून मोकळे. जागेची फिकीर न्हाई.” मी म्हटलं, साहेब, चहा पिताना तरी हे बोलणं नको. तर म्हणाले, “चहा पितानाच बोलावं. पोटात काईतरी गरम असतं तवा.”

ह्या सगळ्याच्या मुळाशी जालन्याची जमीन आहे. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरूम संपला की काळा खडक. पावसाळ्यात एक वेळ चालतं, पण उन्हाळ्यात तिथे सब्बल, म्हणजे पहार, मारली तर ठिणगी उडते. माणूस गेला की मग खोदायला घ्यावं, तर मयत उन्हात ताटकळते. म्हणून त्यांच्या मंडळींत एक कबर आधीच खोदून ठेवायची जुनी रीत होती. तयार खड्डा म्हणायचे तिला. पण मंडळींना त्या खड्ड्याची भीती फार. उघडा खड्डा माणूस मागतो, असं सगळ्यांचं ठाम मत. एका वर्षी लागोपाठ मयती झाल्या आणि बायकांनी ओरडा केला, तो मेला खड्डा बुजवा. बुजवला. त्याच उन्हाळ्यात साहेबांची बायको गेली.

बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. सगळी छावणी त्यांना सिस्टर म्हणायची, आणि साहेबही सिस्टरच म्हणायचे. लग्नाची बायको, पण घरात हाक मारताना “सिस्टर, माझा चष्मा कुठं ठिवला?” मूलबाळ झालं नाही. छावणीतली निम्मी लेकरं सिस्टरच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तसं म्हटलं तर पुष्कळ झाली. ती बाई वैशाखात गेली आणि खड्डा नाही. दाविद आणि चार गडी सब्बल मारतायत, ठिणग्या उडतायत, इंच इंच खडक फुटतोय, आणि इकडे स्टेशनवरून आणलेल्या बर्फाच्या लाद्या वितळून सगळ्या बंगल्यातून पाणी वाहतंय. शेवटी साहेबांनी स्वतः झगा काढला आणि सब्बल हातात घेतली. बिशप, आणि बायकोची कबर स्वतः खोदतोय. मी काठावर उभा होतो. माणसाचं रडू सब्बलेच्या घावात कसं जातं ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्याच महिन्यात त्यांनी दाविदला सिस्टरच्या अगदी लगत दुसरा खड्डा घ्यायला लावला. मापाला स्वतः जमिनीवर आडवे झाले. दाविद म्हणाला, “साहेब, एवढा रुंद कशापायी?” तर म्हणाले, “मला कुशीवर झोपायची सवय हाय. सिस्टरला इचार.” विचारणार कुठं, म्हातारा पुटपुटत खणत राहिला. मग रविवारी चर्चमध्ये साहेबांनी जाहीर केलं, आणि ह्या वेळी पुस्तकी मराठी विसरून: “ह्यो खड्डा माझा हाय. ह्यानं मानूस मागितला तर मलाच मागंल. तुमी समदे बिनघोर ऱ्हावा. आन् कुनाला अडचन पडली, तर माझा उसना घ्या.”

त्या दिवसापासून खड्ड्याचे लाड सुरू झाले. पाला आत पडला की साहेब शिडी लावून उतरायचे आणि खराट्यानं झाडायचे. काठावर पाय आत सोडून बसायचे, बायबल वाचायचे, कधी चहाची किटली घेऊन यायचे. “जन्मात स्वताची म्हून एवढीच जमीन मिळाली, वकील,” मला म्हणाले, “माझ्या मायला तेवढीबी न्हाई मिळाली. गावानं वढ्याच्या काठाला दाखिवली, ती पुरात गेली.” आणि हे ऐकणारा मी इनामाच्या जमिनीचे दावे लढवणारा. उन्हाळ्यात दुपारी आत गारवा असायचा म्हणून ते तिथेच डुलकी काढायला लागले. एकदा तहसीलचा एक कारकून हद्दीची पाहणी करायला आला. बिचारा खड्ड्यात डोकावला, आणि आतून जांभळ्या झग्यातला उंच माणूस डोळे चोळत उभा राहिला, “कोन हाय? जल्दी काय हाय एवढी?” कारकून टोपी टाकून जो पळाला तो थेट नव्या जालन्यात, स्टेशनात जाऊन बसला. त्याच्या दप्तरात त्या कब्रस्तानाची हद्द शेवटपर्यंत मोजलेली नव्हती असं ऐकतो.

वर्ष उलटलं नाही तोच रूथबाईची लेक तापानं गेली. रूथबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारी, नवरा नसलेली, तोंडानं फटकळ. तीन-एक वर्षांची पोर, रूथबाईचं ते बाळंतपण सिस्टरनंच केलेलं. पुन्हा तेच वैशाखाचे दिवस. दाविद मान खाली घालून उभा, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की तयार खड्डा एकच, आणि तो सिस्टरशेजारचा. साहेबांनीच शिडी लावली, आत उतरले आणि हात वर केले, “द्या ती पेटी हिकडं.” एवढ्या मोठ्या खड्ड्यात ती एवढीशी पेटी. त्यांनी ती मधे ठेवली नाही. एका कडेला, सिस्टरच्या अंगाला सरकवून ठेवली, आणि वर रूथबाईकडे बघून म्हणाले, “सिस्टरजवळ झोपू दे. तिला लेकरांची सवय हाय.” रूथबाई तोवर रडली नव्हती. मग रडली.

झालं, सिस्टरच्या शेजारची जागा गेली. तिच्या दुसऱ्या बाजूला आधीच जुन्या पलटणीतला कुणी गोरा सार्जंट झोपलेला. साहेबांनी पोरीच्या पलीकडे नवा खड्डा घेतला, आणि तो आपला म्हणून पुन्हा जाहीर केला. तो मिळाला एका रेल्वे गार्डाला, जो आयुष्यभर पिऊन चर्चच्या पायरीवर झोपायचा. त्याच्या पलीकडचा शिंप्याला. त्याच्या पलीकडचा एका म्हातारीला, जी साहेबांना तोंडावर शिव्या द्यायची. प्रत्येक वेळी साहेब, “माझा घ्या की, माझा कुठं आत्ताच लागतोय!” आणि प्रत्येक मयतीबरोबर हा माणूस आपल्या बायकोपासून एक कबर लांब. मला राग यायचा, खरंच सांगतो. मी एकदा भडकलोच. म्हटलं, साहेब, हा काय वेडेपणा! उसनं दिलेलं परत येतं तर त्याला उसनं म्हणतात. ह्या जागेचा कबजा तुम्हाला कोणतं कोर्ट परत देणार आहे? शांतपणे म्हणाले, “पुनरुत्थानाच्या दिवशी समदेच उठून जागा खाली करनार हायेत, वकील. मंग निवांत कबजा घेतो.” आता ह्याच्यावर अपील कुठं करायचं?

संध्याकाळची फेरी लांबत गेली. आधी सिस्टरपाशी टोपी काढून उभे राहायचे. मग पोरीपाशी, मग गार्डापाशी (“काय, आज शुद्धीत का?”), मग शिंपी, मग म्हातारी, असं बाजारात ओळखीच्यांची चौकशी करत जावं तसं करत करत आपल्या खड्ड्याशी पोचायचे. मधे एकदा बढती चालून आली. मोठ्या शहरातली मोठी गादी, मोटार, बाग, गोऱ्या बिशपाची खुर्ची. आमच्या आळीत पेढे वाटायची तयारी झाली. साहेबांनी नाही म्हणून कळवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “तिथल्या कब्रस्तानात माझ्या वळखीचं कोन हाय?” लोक हसले. मीही हसलो. पण त्याच आठवड्यात एकदा ते आपल्या खड्ड्याशी उभे राहून मान उंच करकरून बघत होते. तो खड्डा तोवर भिंतीजवळ जाऊन पोचला होता, मधे बाभळ आली होती. मला जवळ बोलावलं. “वकील, तुमची नजर चांगली हाय. हितून सिस्टरचा क्रूस दिसतो का हो?” मी बघितलं. नव्हता दिसत. मी म्हटलं, दिसतो की, ते काय टोक. म्हणाले, “मंग बरं.” आणि चष्मा पुसत राहिले. खोटी साक्ष देणाऱ्यांवर मी जन्मभर तोंडसुख घेतलं, पण ती साक्ष मी आजही मागे घेणार नाही.

मग रझाकारीचे दिवस आले. गावं ओस पडायला लागली. ज्याला जमेल तो हद्दीपलीकडे आपल्या पाहुण्यांकडे. दाविद त्याच्या लेकाबरोबर गेला, जाताना भिंतीपाशी शेवटचा खड्डा खोदून ठेवून गेला. धडधाकट गडी छावणीत उरलाच नाही. त्याच उन्हाळ्यात अंबडच्या रस्त्याला एक माणूस मरून पडलेला सापडला. कोण, कुठला, कुणी मारला की उन्हानंच गेला, काही कळायला मार्ग नाही. हिंदू बघून पुढे जात होते, मुसलमान बघून पुढे जात होते, कारण हात लावला की बालंट. साहेब भर दुपारी छकडा घेऊन गेले आणि त्याला घेऊन आले. चर्चचे तरुण पाद्री चांगले होते, पण नियमाचे पक्के आणि भेदरलेले. म्हणाले, “साहेब, हा ख्रिस्ती आहे की नाही, आपल्याला ठाऊक नाही.” साहेब म्हणाले, “आता इचारू कुनाला? उठला तर इचारतो.” आणि पाद्री बघत राहिले तोवर त्याला भिंतीपाशी, आपल्या शेवटच्या खड्ड्यात ठेवून मोकळे झाले. माती ओढायला मी होतो आणि रूथबाई होती.

ते ऊन त्यांना बाधलं. अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. रूथबाई कांद्याचा रस तळपायाला चोळत बसायची, आमच्या घरून पेज जायची. शेवटच्या दुपारी शुद्धीवर आले आणि म्हणाले, “वकील, नवा खड्डा झाला का?” खोदायला माणूस नव्हता. मी म्हटलं, चाललंय काम. “भिंतीपाशीच ना?” हो. “लांब पडतं जरा,” म्हणाले, आणि थोड्या वेळानं, जणू माझीच समजूत घालायची आहे असं, “पर चालंल. बिलकुल चालंल.” तेवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरलेली माणसं, म्हणजे मी, पाद्री आणि दोन म्हातारे, भिंतीपाशी सब्बल घेऊन उभे. मारली की ठिणगी, मारली की ठिणगी. वीतभरही खाली गेलो नाही. ऊन चढायला लागलं, आणि ह्या वेळी तर स्टेशनवर बर्फही येत नव्हता. सिस्टरच्या वेळची ती गत पुन्हा होणार, आणि तीही ह्या माणसाची, ज्यानं छावणीतल्या एकाही मयतीला नंतर ताटकळू दिलं नाही. माझे हात फोडांनी भरले होते आणि मी रडत होतो, सांगायला लाज कसली. तेवढ्यात रूथबाईची हाक आली. ती बाभळीपलीकडे, आपल्या पोरीच्या कबरीशी उभी होती. “तिकडं कशाला डोकं फोडून राह्यले? हितं उकरा.”

पाद्री म्हणाले, “बाई, ती तुमच्या मुलीची...”

“ठावं हाय मला कुनाची हाय ती!” रूथबाई म्हणाली. “माझ्या लेकीला त्यांनी आपलं अंथरून दिल्तं. सिस्टरच्या अंगाला सरकून ठिवली तिला, म्या डोळ्यानं बघितली. एवढूशी ती. बाकी समदी जागा त्यांचीच हाय, रिकामी पडली हाय. माती बी भरावाची हाय, हातानं निघंल.”

पाद्र्यांनी घाम पुसला. चर्चच्या नियमात बुजवलेली कबर पुन्हा उघडायला बिशपांची परवानगी लागते, असं त्यांनी खरोखरच सांगितलं. माणूस वाईट नव्हता. नियमच तसा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी वकील. मी म्हटलं, “मग मागा की. बिशप इथंच आहेत.” आणि आम्ही सगळे वळून बंगल्याच्या ओसरीकडे बघायला लागलो. तिथे पांढऱ्या चादरीखाली ते होते, चादरीबाहेर पाय आलेले, कारण चादर त्यांना पुरली नव्हती. बराच वेळ झाल्यावर मी पाद्र्यांना विचारलं, “नाही म्हणाले का?” पाद्र्यांनी ‘नाही’ अशी मान हलवली आणि झग्याच्या बाह्या वर सारल्या. माझ्या उभ्या वकिलीत इतका सरळ निकाल दुसरा लागलेला नाही.

माती खरंच मऊ होती. पोरीच्या बाजूला जवळ आलो तसं रूथबाईनं आम्हाला हात लावू दिला नाही. तिथली माती तिनं ओंजळीनं काढली, आणि पेटीवर पदर टाकला. पेटी करायला सुतार नव्हता, म्हणून साहेबांना त्यांच्या जांभळ्या झग्यातच उतरवलं. आम्ही त्यांना उताणे ठेवत होतो. रूथबाई वरून ओरडली, “उतानं न्हाई! कुशीवर ठिवा. तिकडं तोंड करून.” म्हणून तसे ठेवले, पोरीकडे आणि तिच्यापलीकडे सिस्टरकडे तोंड करून. जागा बराबर पुरली.

पाऊस संपता संपता निजामाचं राज्य गेलं, माणसं परत आली, दाविदही आला. त्यानं भिंतीपाशी आम्ही अर्धवट सोडलेला खड्डा खोदून पुरा केला, आणि मंडळी काठावर जमून नुसती बघत राहिली. उघडा खड्डा माणूस मागतो, आणि ह्या वेळी पुढे होऊन माझा म्हणायला कुणी नव्हतं. दाविद म्हणाला, “बुजवू का मंग?” मी हिंदू माणूस, माझी चिता ठरलेली, नाहीतर मीच म्हणालो असतो. बायका पदर तोंडाला लावून मागे सरकल्या. रूथबाई जिनिंगमधून तशीच आली होती, केसांत, भुवयांत सगळीकडे कापसाचे पुंजके. तिनं आत वाकून खड्डा बघितला.

“न्हाई बुजवायचा,” ती म्हणाली. “ह्यो माझा म्हना. आन् कुनाला लागला, तर घ्या.”